मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार : कधी जावे, कोणाकडे जावे?



हुमणी कशी आवरावी, खोडव्याला खत कधी द्यावे, हे या पानावर आम्ही नेहमी लिहितो. आजचा विषय निराळा आहे. म्हसवड गटातील एका सभासदाच्या संमतीने तो घेतला आहे. नाव अर्थातच देत नाही.

या सभासदाची बोअर आटली, दीड एकर लागण उभी वाळली. पुढे पाणी आले, सोसायटीचे कर्जही फिटत आले, पण माणूस सावरला नाही. रात्री दोनला जाग, मग अंगणात येरझाऱ्या. जेवण तुटले, गट ऑफिसला येणे बंद झाले. घरचे म्हणत, "काय नाय, इचार लय करत्यात." सिद्धनाथाला नवस झाला, रक्त-लघवी तपासून झाली. रिपोर्ट सगळे चांगले. नवसाला आमची ना नाही, पण त्यापायी उपचार लांबू नयेत.

पीक गेल्यावर वाईट वाटणे हा आजार नव्हे. मात्र उदासपणा दोन आठवड्यांवर टिकला, झोप-भूक गेली, रोजचे काम होईना, दारू वाढली, तर वाट पाहू नये. "मी नसलेलं बरं" असे कोणी बोलले तर त्याच दिवशी हालचाल करावी. त्याला एकटे सोडू नये आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

आता जायचे कोणाकडे? पाट्या पुष्कळ, त्यामुळे घोटाळा होतो. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो गोळ्या लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाही. तपासणी करतो आणि बोलून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते, तो क्रमांक खुशाल विचारावा. समुपदेशक ही पाटी मात्र थोडे शिकलेलाही लावतो आणि पुष्कळ शिकलेलाही. दुखणे जोराचे असेल, कानात आवाज येत असतील, तर आधी डॉक्टर. पुष्कळांना गोळी आणि बोलणे दोन्ही लागते.

"नुसतं बोलून काय हुतंय?" हा प्रश्न आम्हीही विचारला होता. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक पद्धत मांडली. मुंबईचे किशोर फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. नुकसान माणसाला दुखवतेच, पण त्या नुकसानीवर आपण जो अर्थ चढवतो तो जास्त दुखवतो, असे तिचे म्हणणे. आमच्या सभासदाच्या मनात एकच घोकणे होते : "बापानं राखलं, मी घालवलं." उपचार करणाऱ्या बाईंनी ते वाक्य वहीत लिहायला लावले आणि मग हिशेब मांडायला लावला. बोअर आटली त्यात आपला हात किती, पावसाचा किती? सकाळी अर्धा तास रानात जायचे, हाही गृहपाठच. बैठक साधारण पाऊण तासाची, आठवड्यातून एकदा.

पण या बाई त्याला दुसऱ्या खेपेला भेटल्या. आधी एका समुपदेशकाकडे गेला होता. तेथे मोबाईल बघत बघत "कामात मन रमवा" एवढा सल्ला मिळाला, आणि चार दिवसांत भावकीला सगळे कळले. "परत कुणाच्या दारात जाणार नाय," म्हणून पाच महिने घरात बसला. ते पाच महिने त्याला फार महाग पडले असते.

म्हणून पहिल्याच भेटीत तोंड उघडून विचारावे. शिक्षण काय, अशी दुखणी पूर्वी हाताळली आहेत का, फी किती, साधारण किती बैठका? बेणे घेताना आपण मळा बघतो, येथेच कसला संकोच? बोललेले गुप्त राहणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना सांगितले जाते. हमखास बरे करतो म्हणणारा, रागे भरणारा, गंडेदोरे सुचवणारा, अंगचटीला येणारा, उसने मागणारा माणूस सोडून द्यावा. चार-सहा बैठका होऊनही मोकळे वाटत नसेल तर तसे त्यालाच सांगावे. तरीही जमले नाही तर माणूस बदलावा, उपचार बदलू नये. गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

खर्चाची आणि अंतराची अडचण आम्हांस ठाऊक आहे. साताऱ्याला जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात सेवा मिळते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात सुरू केलेली 'परिवर्तन' संस्था व्यसनमुक्तीचे काम करते. पहिली भेट समोरासमोर झाली की पुढच्या काही बैठका फोनवरही होऊ शकतात. सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतून. आमच्या सभासदाच्या मंडळींनी रात्री अडीचला हाच क्रमांक लावला होता.

तो क्रमांक आम्ही गट ऑफिसच्या फलकावर आणि वजनकाट्याजवळ लिहून ठेवला आहे. उतरवून घेणाऱ्याला कोणी नाव विचारणार नाही.