सहीपुरती? मुळीच नाही!

‘बोर्ड मीटिंग’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एसीची गार हवा, लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि न संपणारं पॉवरपॉइंट. बरोबर? आता जरा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात चला. म्हसवड. पाऊस जेमतेम, दुष्काळ नेहमीचा. इथे बायकांनी बायकांसाठी काढलेली एक बँक आहे, माणदेशी महिला सहकारी बँक.

या बँकेची गोष्ट मी ऑफिसात कुणालाही सांगितली की समोरच्याचा चहा गार होतो! मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर म्हसवडला राहायला गेल्या. एकदा लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्यात झोपडीवर टाकायला प्लास्टिक घ्यायचं होतं, त्यासाठी तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. पण बँकेत तिचं खातंच उघडेना. मग ठरलं, आपणच बँक काढायची.

रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. कारण? प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका रडत बसल्या नाहीत. साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर हजर! त्यांचं म्हणणं साधं होतं. कुठल्याही मुदलावरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगा, बघू कोण आधी सांगतं ते. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. २०१८ मध्ये चेतनाताई दावोसच्या वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या सहअध्यक्ष होत्या.

हिशेब बायकांना येत होताच. खुर्ची तेवढी मिळत नव्हती. आता कायदा म्हणतो, घ्या खुर्ची. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. ग्रामपंचायतींमध्ये महाराष्ट्राने २०११ पासून निम्म्या जागा महिलांना दिल्या. सहकारी संस्थांसाठी ९७ वी घटनादुरुस्ती २०१२ मध्ये लागू झाली. संचालक जास्तीत जास्त २१, त्यात महिलांच्या दोन जागा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती राज्यांमधल्या संस्थांपुरती रद्द केली. पण महाराष्ट्राच्या स्वतःच्या सहकार कायद्यात महिलांच्या राखीव जागा आहेत.

मग प्रॉब्लेम कुठे आहे? ‘सहीपुरती’ या शब्दात! फॉर्म बाईंचा, मीटिंगला मालक. बाईंच्या घरी रजिस्टर येतं, त्या चुलीपुढून उठतात, सही करतात, पुन्हा भाकरी थापायला बसतात. सरपंचपती हा शब्द काय उगाच आला?

माझी मामी गावच्या पतसंस्थेत राखीव जागेवर निवडून आली, तेव्हा घरात सगळे असंच धरून चालले होते. मामीने मला फोन केला. ‘‘अगं, हे एनपीए म्हणजे थकलेलं कर्जच ना?’’

‘‘हो मामी.’’

‘‘मग सरळ थकलेलं म्हणा की! आणि ही तरतूद म्हणजे?’’

‘‘ते बुडलं तर म्हणून आधीच बाजूला काढून ठेवलेले पैसे.’’

‘‘म्हणजे मी पिठाच्या डब्यात ठेवते तसे!’’

चार रविवार, रोज अर्धा तास, ताळेबंद समजला. पाचव्या आठवड्यात मामीने मीटिंगमध्ये थकबाकीदारांची यादी मागितली. यादीत कोणाकोणाचे पाहुणे निघाले ते विचारू नका. त्यानंतर रजिस्टर घरी येणं बंद झालं. मामीच मीटिंगला जाते.

गंमत म्हणजे कायदा अशा अनुभवाला किंमत देतो. बँकिंग कायद्यात २०२० मध्ये बदल झाल्यावर सहकारी बँकांच्या निम्म्याहून जास्त संचालकांकडे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव लागतो. बँकिंग, हिशेब, कायदा यांच्या यादीत शेती, ग्रामीण अर्थव्यवस्था आणि सहकारही आहे. वीस वर्षं म्हशी सांभाळून दुधाचा पै-पैचा हिशेब ठेवणारी बाई अनुभवी नाही, असं कोण म्हणेल?

पण खरी मेख त्याच्याही आधी आहे. संचालक व्हायचं तर आधी सभासद हवं. आणि विकास सोसायटीचं सभासदत्व बहुतेक वेळा जमिनीशी बांधलेलं. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून सभासद नाही. सभासद नाही, म्हणून मत नाही. मत नाही, तर खुर्ची कुठली? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हे ओळखून लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाची योजना आणली. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं.

आता तुमचा होमवर्क. क्यूबिकलमध्ये बसल्या बसल्या सातबारा ऑनलाइन बघा. आईचं, काकूचं, वहिनीचं नाव आहे का? नसेल तर पुढच्या लाँग वीकेंडला काकांना घेऊन तलाठ्याकडे जा. सोसायटीच्या शेअरचा फॉर्म आणा. एखादी आधीच संचालक असेल तर तिचा अजेंडा मीटिंगआधी फोनवर वाचून, समजावून द्या. एक्सेल तुम्हाला येतंच की!

आणि मीटिंगच्या दिवशी तिला गाडीवरून सोडायचं काम काकांना द्या. फक्त काकांनी बाहेर थांबायचं!