मेंदूज्वरानंतरचा कंप

मुलांनो, जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्या काही मुलांचे हात थरथरतात, मान वाकडी होते, चाल मंदावते. असे का होते?

या रोगाचे विषाणू डुकरे व बगळे यांच्या शरीरात वाढतात. भातशेतीच्या पाण्यात वाढणारे क्यूलेक्स डास ते माणसापर्यंत आणतात. मेंदूच्या खोल भागातील पेशी हालचालींवर ताबा ठेवतात. विषाणूंनी त्यांना इजा केली, की तो ताबा सुटतो.

२००५ साली गोरखपूर परिसरात या रोगाने शेकडो मुले दगावली. २००६ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत मुलांना लस देण्यात येऊ लागली.

असा एखादा सोबती तुमच्या वर्गात असेल, तर त्याला हसू नका. ही भूतबाधा नव्हे, आजाराची खूण आहे. औषधे, व्यायाम आणि तुमची मैत्री यांचा त्याला मोठा आधार होतो.