जुनी रेंज रोव्हर दारी आणताना

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी शिंगांचा रंग बघून बैल घेत नाही. तो बैलाचे तोंड उघडतो आणि दात बघतो. दातांवरून वय कळते आणि वयावरून पुढे काम किती होईल याचा अंदाज बांधता येतो. जुनी मोटार घेताना मात्र हाच जाणता माणूस रंगावर भुलतो. त्यातून ती मोटार राजेशाही असली, तर दात बघायचे भानच राहत नाही.

समजा, तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आहेत. त्यांना आपण आबा म्हणू. बागेने दोन वर्षे चांगला हात दिला आणि बँकेत अठरा लाख साठले. त्यांतले सहा लाख मुलीच्या शिक्षणासाठी राखलेले. तेवढ्यात पुण्याहून निरोप येतो : 2010 सालची रेंज रोव्हर आहे, नवी असताना पाऊण कोटीहून अधिक किमतीची, आज बारा लाखांना मिळते आहे. आबांच्या डोळ्यांपुढे ती गाडी वाड्याच्या दारात उभी राहते. आता आबांनी काय करावे? तुम्ही आबांच्या जागी असाल, तर काय कराल?

आधी या गाडीचे कूळ पाहू. रेंज रोव्हर पहिल्यांदा बाजारात आली ती 1970 मध्ये, इंग्लंडात. शेतात चालावी आणि हमरस्त्यावरही सुखाने धावावी, असा तिचा बेत होता. चारही चाकांना सदैव इंजिनाची ताकद, कडक पाट्यांऐवजी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, अशी तिची रचना होती. आतली बैठक मात्र साधी, पाण्याने धुऊन काढता येईल अशी. पुढे श्रीमंतांनी तिला आपलेसे केले. 1981 मध्ये चार दारे आली, 1982 मध्ये आपोआप बदलणारे गिअर आले, 1992 मध्ये हवेवर तोललेले सस्पेन्शन आले. कातडे आले, लाकूडकाम आले आणि शेवटी जागोजागी संगणक बसले. मालकही बदलले. 2000 मध्ये हा कारखाना फोर्डकडे गेला आणि 2008 मध्ये आपल्या टाटांकडे आला. 2009 पासून या गाड्या भारतात अधिकृत दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. त्या पहिल्या वर्षांतल्या गाड्याच आज आबांसारख्यांच्या आवाक्यात आल्या आहेत.

आवाक्यात आल्या म्हणजे काय झाले? गाडीची किंमत उतरली. एवढेच झाले. गाडी मात्र पाऊण कोटीचीच राहिली. तिचा सुटा भाग बारा लाखांच्या गाडीच्या दराने कोणी देत नाही. वजन अडीच टनांहून जास्त, म्हणून टायर मोठे, ब्रेक मोठे आणि त्यांची बिलेही मोठी. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

दुसरी गोष्ट गाडीच्या वयाची. विकणारा अभिमानाने सांगतो, “गाडी फक्त साठ हजार किलोमीटर चाललीय हो!” पण मोटारीला दोन वये असतात. एक किलोमीटरचे आणि दुसरे वर्षांचे. इंजिनाची झीज बरीचशी किलोमीटरने मोजावी. रबर, प्लास्टिक आणि तेल यांना मात्र वर्षांचे वय लागू पडते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचेही रबर चिरते, पाण्याच्या प्लास्टिकच्या नळ्या ठिसूळ होतात आणि इंजिनाचे पट्टे म्हातारे होतात. तेव्हा कमी चाललेली गाडी म्हणजे तरुण गाडी, असे समजू नये.

हवेच्या सस्पेन्शनचेच उदाहरण घ्या. प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगेच्या जागी रबराची हवा भरलेली पिशवी असते. एक काँप्रेसर तिच्यात हवा भरतो आणि संगणक गाडी वर-खाली करतो. खाचखळग्यांची वाट लागली की गाडी उंच होते, बसता-उतरताना खाली येते. मोठे सुख आहे ते! पण वर्षे उलटली की पिशवीच्या घडीत बारीक चिरा पडतात. हवा हळूहळू गळते. ती भरून काढायला काँप्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. पिशवीचा खर्च टाळला, म्हणून काँप्रेसरही गेला. जुन्या राजेशाही गाडीचे बहुतेक मोठे बिल असेच एखाद्या छोट्या दुर्लक्षातून जन्माला येते.

मग गाडीचे दात बघायचे कसे? संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करावी. साध्या टेपने चारही चाकांपाशी, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. सकाळी पुन्हा मोजावे. एखादा कोपरा चांगलाच बसला असेल, तर तिथे गळती आहे असे धरून चालावे. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. मात्र अशा गाडीखाली भक्कम आधार लावल्याशिवाय कोणीही शिरू नये. हवा सुटली तर गाडी खाली बसते आणि त्यात माणसाच्या जिवावर बेतते.

इंजिन थंड असताना आपण स्वतः चालू करून घ्यावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपली खोड लपवते. किल्ली फिरवताच धोक्याचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर ते विझले पाहिजेत. जो दिवा मुळी लागतच नाही, त्याचा संशय घ्यावा. बॅटरी कमजोर असेल तर संगणक नसलेलेही दोष दाखवतो, म्हणून बॅटरी आधी तपासावी आणि मग यंत्र लावून दोषांची नोंद वाचून घ्यावी. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत. चारही चाके सदैव जुंपलेली असल्याने टायरांतला फरक डिफरन्शियलला भोगावा लागतो. लो रेंजचा गिअर टाकून मऊ जमिनीवर गाडी चालवून पाहावी.

पुराचे पाणी लागलेली गाडी तर डोळे मिटून नाकारावी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला पाण्याने काय केले, हे आपण पाहिले आहे. गालिचा उचलून खाली गाळ बघावा, सीटच्या रुळांवर गंज बघावा, आत कुबट वास येतो का तेही बघावे. संगणकाच्या तारांत शिरलेले पाणी कधी त्रास देईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

आता कागदपत्रे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. म्हणजे 2010 च्या गाडीची मुदत 2025 मध्ये संपली. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. परदेशातून आणलेल्या चारचाकीसाठी हे शुल्क एप्रिल 2022 पासून 40,000 रुपये झाले. शिवाय पर्यावरण कर. घेण्याआधी आर.टी.ओ.त जाऊन ताजे आकडे विचारावेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली. पुढे त्या नियमांत फेरफार होत राहिले, पण तिकडच्या पुष्कळ गाड्या स्वस्तात इतर राज्यांत आल्या. परराज्यातली गाडी असेल तर ना हरकत दाखला आणि इथला रस्ता कर यांचा हिशेब किमतीत धरावा. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी. चासी नंबर स्वतः पडताळावा. आणि गाडी नावावर झाली की 14 दिवसांच्या आत विमाही नावावर करून घ्यायला अर्ज करावा.

आता आबांच्या बारा लाखांकडे वळू. माझा हिशेब सरळ आहे. गाडीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. सगळी तेले, फिल्टर, पट्टे, बॅटरी, टायर आणि एखादी हवेची पिशवी, एवढ्यात ती सहज संपते. म्हणजे हाती बारा लाख असतील, तर गाडी नऊ लाखांची बघावी. बारा लाखांच्या गाडीला सोळा लाख लागतात, आणि ते वरचे चार लाख कुठून येतील? मुलीच्या सहा लाखांतून! डिझेल निराळेच. लिटरला आठ किलोमीटर आणि नव्वद रुपये भाव धरला, तर वर्षाला दहा हजार किलोमीटरचे 1,12,500 रुपये होतात.

आणि गाडीच्या आधी मेकॅनिक शोधावा. या गाडीची विद्या असलेला माणूस आणि ते दोष वाचणारे यंत्र गावापासून किती कोसांवर आहे, ते बघावे. रोजच्या कामाला दुसरे वाहन असावे, म्हणजे ही दुरुस्तीला गेली तर पेट्या बागेतच अडकायच्या नाहीत. आणि घेतलीच, तर तिला नुसती शोभेला उभी करू नये. आठवड्यातून एकदा तरी नीट फिरवावी. उभी गाडी लवकर म्हातारी होते.

हे सारे जमत असेल, तर आबांनी खुशाल घ्यावी. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवरून ती गाडी पाटाच्या पाण्यासारखी अलगद जाते, तेव्हा तिच्यावर लोक का जीव टाकतात हे कळते. पण नऊ लाखांत मनासारखी मिळाली नाही, तर आबांनी थांबावे. बाजारात उद्याही गाडी येईल. मुलीच्या प्रवेशाची तारीख मात्र आबांसाठी थांबणार नाही.