तोंडाच्या आरोग्यासाठी प्रोबायोटिक्स: चाचण्या काय सांगतात?

“ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वासही येतो. डॉक्टर, त्या प्रोबायोटिकच्या गोळ्या घेऊन बघू का?” असे आता बरेच रुग्ण विचारतात. या गोळ्या औषधाच्या दुकानात आणि ऑनलाइन सहज मिळतात, पण त्या स्वस्त नसतात. थोडक्यात उत्तर असे: काही प्रोबायोटिक्सचे निकाल आशादायक आहेत, पण ब्रश आणि दंतवैद्याचे उपचार यांची जागा घेईल असे एकही प्रोबायोटिक आज उपलब्ध नाही.

यामागची कल्पना काय?

माणसाच्या तोंडात जीवाणूंच्या सुमारे ७०० प्रजाती सापडल्या आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे काही जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावरील सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. हे वारंवार घडले की दात किडतो. हिरडीखाली साचलेल्या थरातील जीवाणूंमुळे हिरड्या सुजतात. जिभेच्या मागच्या भागातील जीवाणू गंधकयुक्त वायू सोडतात आणि त्यामुळे दुर्गंधी येते.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्यांनी तोंडातील जागा आणि अन्न मिळवून त्रासदायक जीवाणूंना मागे सारावे, अशी ही कल्पना आहे. काही प्रोबायोटिक्स इतर जीवाणूंची वाढ रोखणारी प्रथिनेही तयार करतात.

चाचण्यांत काय दिसले?

*दुर्गंधी:* न्यूझीलंडमधील जॉन टॅग आणि सहकाऱ्यांनी ‘स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस के१२’ या जीवाणूचा अभ्यास केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३ जणांनी आधी जंतुनाशक माउथवॉशने तोंड स्वच्छ केले. मग काहींना के१२ च्या, तर काहींना जीवाणू नसलेल्या गोळ्या दिल्या. आठवड्यानंतर के१२ घेणाऱ्यांपैकी ८५ टक्के जणांमध्ये दुर्गंधीचे वायू लक्षणीय घटले. साध्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३० टक्के होते. निकाल चांगला आहे, पण माणसे फक्त २३ आणि काळही थोडा.

*दातांची कीड:* फिनलंडमधील हेलसिंकी येथे १ ते ६ वर्षांच्या ५९४ मुलांना पाळणाघरात सात महिने दूध दिले. काही मुलांच्या दुधात ‘लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी’ हा जीवाणू होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रोबायोटिक दूध पिणाऱ्या मुलांमध्ये किडीचा धोका कमी दिसला, विशेषतः ३ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये.

*हिरड्या:* २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हिरड्यांचा जुना आजार असलेल्या ३० रुग्णांच्या दातांची खोलवर स्वच्छता केली. त्यानंतर ज्यांना १२ आठवडे ‘लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी’च्या गोळ्या दिल्या, त्यांच्या हिरडीतील खोल पोकळ्या अधिक भरून आल्या. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: स्वच्छता दोन्ही गटांची झाली होती. गोळी ही जोड होती, मुख्य उपचार नव्हता.

निकाल वाचताना काय पाहावे?

- तुलनेसाठी दुसरा गट होता का? चाचणीत भाग घेतला की माणसे ब्रशही नीट करू लागतात, त्यामुळे कोणत्याही गटात थोडी सुधारणा दिसते.
- काय मोजले? लाळेतील जीवाणू घटले म्हणजे दात किडायचे थांबले, असे नव्हे.
- नेमका कोणता प्रकार वापरला? के१२ चा निकाल दुसऱ्या जीवाणूच्या गोळीला लागू होत नाही.
- परिणाम किती टिकला? गोळ्या थांबवल्यावर हे जीवाणू सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत तोंडातून नाहीसे होतात.

घरचे दही चालेल का?

दही पौष्टिक आहे, जरूर खा. मात्र विरजणात नेमके कोणते जीवाणू किती आहेत, हे आपल्याला माहीत नसते. शिवाय दही तोंडात फार वेळ राहत नाही. म्हणून चाचण्यांतील निकाल वाटीभर दह्याला लावता येत नाहीत. गोड लस्सी किंवा साखर घातलेली प्रोबायोटिक पेये दिवसभर घोट घोट प्यायली तर दातांचे नुकसानच होईल.

घेऊन पाहायचेच असेल तर

आधी दंतवैद्याकडून तपासणी आणि स्वच्छता करून घ्या. वेष्टनावर जीवाणूचे पूर्ण नाव, प्रकाराचा क्रमांक आणि मुदत आहे का पाहा. गोळी साखरविरहित असावी. रात्री ब्रश केल्यावर ती हळूहळू चघळा आणि त्यानंतर लगेच पाणी पिऊ नका. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश त्याच वेळी वापरू नका, त्याने हे जीवाणूही मरतात. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर पैसे घालवत राहू नका.

केमोथेरपी सुरू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या, प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या किंवा हृदयात कृत्रिम झडप असलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक्स घेऊ नयेत.

गोळीची वाट पाहू नये अशी लक्षणे

- हिरड्यांतून वारंवार रक्त किंवा पू येणे, दात हलणे
- दोन आठवड्यांत बरा न होणारा तोंडातील व्रण
- पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे

तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असेल, तर शेवटच्या दोन लक्षणांसाठी एक दिवसही थांबू नका. मधुमेह असेल तर हिरड्यांकडे अधिक लक्ष द्या. वाढलेल्या साखरेमुळे हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजारामुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. हा आजार बराच काळ दुखत नाही. दाताभोवतीचे हाड मात्र झिजत राहते आणि झिजलेले हाड सहसा पूर्वीसारखे भरून येत नाही.

फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, दोन मिनिटे ब्रश करणे, दातांमधील फटी आणि जीभ स्वच्छ ठेवणे, जेवणांच्या मधे गोड टाळणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत आणि त्यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. आधी ते सुरू करा. गोळीचा विचार त्यानंतर.