एकसष्ट कळा

छंद म्हटले की आपल्याकडे पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, फार तर पेटी आणि बासरी एवढीच नावे डोळ्यांपुढे येतात. वार्षिक अंकात लिहायचे तर छंदही तसाच सोज्वळ हवा, अशी एक समजूत आहे. त्यामुळे गेल्या मे महिन्यात मी काय केले हे सांगताना थोडा संकोच वाटतो. मी महिनाभर व्हिडिओ गेम खेळलो आणि एक कळफलक तयार केला. तयार केला म्हणजे सुटे भाग मागवून घरी जुळवला. लग्नसराईत वाढप्याचे काम करून मिळालेले पैसे त्यात गेले. मराठीच्या विद्यार्थ्याला हे उद्योग सुचावेत कसे, असा प्रश्न आमच्या घरीही निघाला होता. परंतु वर्णमाला मला जेवढी या महिन्यात कळली तेवढी भाषाविज्ञानाच्या वह्या घोकून कळली नव्हती. (सरांनी क्षमा करावी.)

आधी खेळाचे सांगतो. माळ्यावर टीव्हीला जोडायचा एक जुना खेळ सापडला, कॅसेट घालून चालणारा. त्यात 'काँट्रा' होता. कोनामी या जपानी कंपनीने १९८७ साली काढलेला हा खेळ तीन जीवांत संपवणे महाकठीण. पण सुरुवातीच्या पडद्यावर ठरावीक कळा ठरावीक क्रमाने दाबल्या तर तीस जीव मिळतात. माझ्या थोरल्या चुलतभावाला तो क्रम विचारला. त्याला आठवेना. हातात रिमोट दिला, आणि बोटांनी तो क्षणात वाजवून दाखवला : वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, मग बी आणि ए. वीस वर्षे डोक्यातून गेलेली गोष्ट बोटांत शाबूत होती. हे मला फार नवलाचे वाटले.

मग मित्राच्या संगणकावर 'राजी' खेळलो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली हा खेळ काढला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी नावाची मुलगी त्याची नायिका. खेळ देखणा आहे, पण येथे त्याचा उल्लेख निराळ्या कारणासाठी. संगणकावर असे खेळ खेळताना डाव्या हाताची बोटे डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर ठेवायची असतात. त्यांनी पात्र चालवायचे. या चार कळा पुढे पुन्हा भेटतील.

आता कळफलकाच्या पोटात काय असते ते पाहू. माझ्या फलकावर ६१ कळा आहेत. ६१ कळांना ६१ तारा लागत असतील असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात आत पाच आडव्या आणि चौदा उभ्या रेघांचे जाळे असते, म्हणजे १९ जोडण्यांत काम भागते. नाट्यगृहात रांगेचे अक्षर आणि खुर्चीचा आकडा सांगितला की प्रेक्षक सापडतो, तसेच हे. एक छोटी चिप एकेका रेघेत वीज सोडते आणि ती पलीकडे कोठे निघते ते पाहते. सेकंदाला शेकडो वेळा तिची ही गस्त चालू असते. प्रत्येक कळीपाशी एक डायोड असतो, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा दरवाजा. तो नसेल तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतल्या कळा एकदम दाबताच चौथी न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. जाणकार तिला भुताची कळ म्हणतात. शिवाय धातूला धातू टेकताना तो क्षणभर थरथरतो. चिप त्या थरथरीपुरती थांबते, नाहीतर एका 'क'चे तीन 'क' उमटावेत.

कळीखालचा स्विच हा या छंदातला खरा नादाचा विषय. कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते आणि निम्म्या वाटेवर जोडणी होते. लाल स्विच सरळ खाली उतरतो, तपकिरी वाटेत किंचित अडखळतो, निळा 'टक्' असा आवाज करतो. मी निळे घेतले. आईने रात्री दहानंतर त्यांना बंदी घातली.

परंतु या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला वेगळीच वाटली. कळफलक संगणकाला अक्षर पाठवतच नाही! तो फक्त कळीचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचे 'के' करायचे की 'क' करायचे, हे संगणकातली मांडणी ठरवते. म्हणजे कळफलक जन्माने इंग्रजी नाही. इंग्रजीपण आहे ते वरच्या टोप्यांवर छापलेले.

तेव्हा टोप्यांचे काय ते करावे म्हणून मी मोटारसायकलींवर नावे चिकटवणाऱ्या एका रेडियमवाल्याकडे गेलो. 'ज्ञ केवढा कापू?' एवढेच त्याने विचारले. नगरहून 'ज्ञानोदय' १८४२ साली निघू लागला तेव्हाच्या खिळे जुळवणाऱ्यांचा हा वारस, असे मनात आले. त्याला मात्र बोललो नाही.

चिकटवलेली मांडणी इन्स्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली प्रमाण ठरवली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला. व्यंजने बहुतेक उजव्या हाताला (म, न, व तेवढी डावीकडे खालच्या ओळीत). क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एका, त-थ एका, प-फ एका. साधी कळ दाबली की अल्पप्राण, शिफ्ट धरली की महाप्राण. ल वर शिफ्ट दिली की ळ. 'काका', 'दादा', 'ताई' लिहा : उजवा, डावा, उजवा, डावा, टिपऱ्यांसारखा ताल धरला जातो. आणि खेळाडूच्या त्या चार कळा? त्यांवर ऐ, ओ, ए यांच्या मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह. राजीला महिनाभर पळवून माझी डावी बोटे मात्रांवर आयतीच बसली होती.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? इंग्रजी अक्षरांत लिहावे, फोन आपोआप मराठी करतो. करतो खरे, पण 'एम ए एल ए' लिहिले की ते मला, माळा, मळा की माला, हे यंत्राने अंदाजाने ठरवायचे. दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि सह्याद्री एवढे अंतर आहे. आचार्यांना बोलावले आणि आचाऱ्यांना बोलावले यांतला फरक पंगतीत बसलेल्याला विचारावा. इंग्रजी स्पेलिंगात दोन्ही एकच. इन्स्क्रिप्टमध्ये 'र' वर शिफ्ट दिली की हा ऱ मिळतो, आणि पाय मोडून य लावला की 'ऱ्य'. अंदाजाचा प्रश्न उरत नाही.

या फलकापाशी एके दिवशी आत्या येऊन बसली. ती नगरच्या कोर्टाच्या आवारात टंकलेखन करीत असे : प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, नोटिसा. चाळीस शब्दांची परीक्षा ती पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झालेली. गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले आणि २०११ साली त्यांचे उत्पादन थांबल्याची बातमी जगभर छापून आली. या दोन सालांच्या मधले एक आयुष्य आत्याचे. आवारात संगणक आले, यंत्राची फीत मिळेनाशी झाली, तिने टेबल आवरले. तेव्हापासून साधा अर्जही ती दुसऱ्याला सांगून लिहून घेते.

तिने बोटे ठेवली आणि दोन ओळी मारल्या. उमटले ते कोणत्याच भाषेत नव्हते. टंकयंत्राची मांडणी निराळी, हे तर आहेच. पण विचारही निराळा. टंकयंत्र डोळ्याच्या क्रमाने चाले. 'कविता' लिहायचे तर आधी क, मग वेलांटी, मग व, कारण कागदावर खुणा त्या क्रमाने दिसतात. भ, थ यांसारखी अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशी जोडून घ्यायची. इन्स्क्रिप्ट कानाच्या क्रमाने चालते : आधी व, मग त्याची वेलांटी, जशी आपण ती उच्चारतो. नेवाशाला ज्ञानेश्वर सांगत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत, तसे. आत्याची बोटे मात्र डोळ्याच्या पंथातली.

'राहू दे,' आत्या म्हणाली, 'आता काय उपयोग!'

पण फलक तर फक्त क्रमांक पाठवतो. जुन्या टंकयंत्राची मांडणी संगणकावर देणारी साधने मिळतात. त्यांतले एक मी बसवले. टोप्यांवरची अक्षरे आता चुकीची होती, पण तिला टोप्यांकडे पाहायचेच नव्हते. ती खिडकीबाहेर पाहत होती. पडद्यावर उमटले, 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की', आणि पुढे भाडेकराराची सगळी कलमे. कळा ती इतक्या जोराने हाणत होती की टेबल हलत होते. ओळ संपत आली की डावा हात आपोआप वर उठे, नसलेल्या दांडीकडे. मी घड्याळ लावले होते. मिनिटाला चौतीस शब्द भरले.

'सहा गेले,' ती म्हणाली.

राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठीची गती तीस लागते, हे परीक्षा देणाऱ्या मित्रांच्या माहितीसाठी सांगून ठेवतो. माझी इन्स्क्रिप्टवरची गती सध्या एकवीस आहे. आत्या हल्ली संध्याकाळी येते. गल्लीतल्या दोघांचे अर्ज आणि प्रस्तुत लेखाची प्रत तिनेच टंकलिखित केली. निळ्या स्विचांचा आवाज तिला पुरेसा वाटत नाही.

कोणाला करून पाहायचे असल्यास वेगळा कळफलक घेण्याची काहीच गरज नाही. विंडोजच्या संगणकात मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट आतच असते. रेडियमवाल्याने अक्षरांचे दोन संच जास्त कापून दिले आहेत. हवे असतील त्यांनी दुपारी ग्रंथालयात भेटावे. त्यांतल्या एका संचात 'ङ' नाही, तो कापताना फाटला.