पौर्णिमेची खीर आणि बिनसाखरेचे घट्ट दूध

वैशाख पौर्णिमा जवळ आली की वस्तीवस्तीतल्या विहारांत खीरदानाची तयारी सुरू होते. वर्गणी जमते, कोणी तांदूळ देतो, कोणी साखर आणून टाकतो. उरुवेलेच्या सुजाताने सिद्धार्थ गौतमाला दिलेल्या अन्नाची ती आठवण आहे. देह कष्टवून ज्ञान मिळत नाही हे उमगल्यावर त्यांनी ते अन्न घेतले. तेव्हा ही खीर देहाला बळ देणारी होती, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आज त्याच खिरीची वाटी हातात घेताना आपल्यातल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना भीती वाटते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. आपल्या चाळी, झोपडपट्ट्या, गिरणगाव यातून सुटलेले नाहीत. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. १९४८ साली विवाह झाल्यावर स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांच्या औषधपाण्याकडे लक्ष दिले. पण आपल्या कार्यक्रमांत काय दिसते? “आजी, घ्या हो, एका दिवसाने काय होतंय?” आपण तिला प्रसाद म्हणत नाही, आग्रह मात्र अगदी तसाच करतो. आजींनाही नाही म्हणणे जड जाते. मग घरी जाऊन साखर वाढते, पायाची जखम चिघळते, आणि दवाखान्याचा खर्च मुलाच्या पगारातून जातो.

यावर उपाय आहे, पण तो नीट हिशेबाने समजून घेतला पाहिजे. मी कारकून माणूस, जमाखर्चाशिवाय मला पुढे जाता येत नाही.

दूध कमी पडले की डब्यातले गोड घट्ट दूध ओतण्याची सवय अनेक ठिकाणी लागली आहे. या दुधात वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास वरून घातलेली साखर असते. म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्यात सुमारे १६० ग्रॅम. ही साखर केवळ गोडीसाठी नसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेल बोर्डेन यांनी हा धंदा उभा केला, तेव्हा घरोघरी शीतकपाटे नव्हती. भरपूर साखरेमुळे दूध नासत नाही, आणि त्याला चिकट घट्टपणाही तिच्यामुळेच येतो. म्हणून घरी साखर वगळली की दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. दूध जास्त आटवावे लागते, आणि ते टिकत नाही.

एक लिटर म्हशीचे किंवा सायीसकटचे दूध जाड बुडाच्या पसरट कढईत घ्यावे. उकळी आली की आच मंद करावी. कडेला जमणारी साय उलथन्याने सोडवून परत दुधात ढकलावी, तळ खरवडत राहावे. एक तृतीयांश, म्हणजे साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास उरले की उतरवावे. पाऊण ते एक तास लागतो. गॅस जळतो हे खरे, म्हणून एकट्यापुरते न करता शेजारच्या दोन घरांनी मिळून करावे. गरम असताना ते पातळ वाटते, निवल्यावर घट्ट होते. चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ घातले की चव उघडते.

गोडीसाठी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या गोळ्या किंवा पूड वापरता येते. पण सगळ्या सारख्या नाहीत. अस्पार्टेम उष्णतेने मोडते व त्याची गोडी जाते, म्हणून ते दूध कोमट झाल्यावरच घालावे. सुक्रालोज उष्णता सोसते. सॅकरिन स्वस्त, पण जास्त पडले की मागून कडवट लागते. स्टीव्हिया झाडाच्या पानापासून निघते, त्याचीही जिभेवर वेगळी चव राहते. थोडे घालून चाखत जावे. पुडीवरचा मजकूर वाचावा, कारण पूड भरीव दिसावी म्हणून काहींत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेले असते, आणि ते साखरेसारखेच रक्तात जाते. गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ म्हणून मधुमेह्याला चालतात हा समज तर साफ चुकीचा आहे. गरोदर बायांनी ही गोडी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आता खरा हिशेब. साखर घातली नाही म्हणजे साखर नाही, असे नव्हे. दुधात स्वतःची साखर असते, लॅक्टोज. लिटरमागे ती सुमारे ५० ग्रॅम. आटवल्याने पाणी उडते, ती तेवढीच राहते. आपल्या आटीव दुधाच्या दोन मोठ्या चमच्यांत ती साधारण ४ ग्रॅम येते. डब्यातल्या दुधाच्या तेवढ्याच चमच्यांत सगळी मिळून साखर २० ग्रॅमच्या आसपास असते. फरक मोठा आहे, पण म्हणून वाटीभर प्यायचे नाही.

आणखी कमी करायचे असेल तर अर्धा लिटर दूध निम्मे आटवून त्यात वाटीभर ताजी साय घोटून मिसळावी व मंद आचेवर पाच मिनिटे ठेवावी. साय आंबलेली असली तर सगळे फाटते. यात लॅक्टोज आणखी घटते, मात्र चरबी वाढते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. घट्टपणासाठी दूध पावडर घालू नये, बिनसायीच्या पावडरीत जवळजवळ निम्मा भाग लॅक्टोजच असतो. कॉर्नफ्लॉवर म्हणजे तर निव्वळ पिष्ट.

तांदळाचेही तसेच. मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम तांदळात ३० ग्रॅम पिष्ट. दूध बिनसाखरेचे आणि खाली तांदूळ पातेलेभर, ही फसवणूक झाली. त्याऐवजी दुधी भोपळ्याची खीर उत्तम. दुधी आधी चाखून पाहावा, कडू निघाला तर टाकून द्यावा. किसून तुपावर परतावा, निवल्यावर या दुधात घालावा.

कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला जेवणाची मात्रा सांगितली. राजाने ती आठवण रोज जेवताना करून देण्यासाठी एक तरुण नेमला आणि हळूहळू आहार घटवला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. आपल्याकडे तरुण नेमायची गरज नाही. लहान वाटी पुरे.

विहारात हे करायचे तर पातेले वेगळे, डाव वेगळा आणि वर ठळक चिठ्ठी हवी. पंगत मात्र एकच ठेवावी, मधुमेह्यांना कोपऱ्यात बसवू नये. उरलेले दूध झाकून शीतकपाटात ठेवावे व तीन दिवसांत संपवावे. उन्हाळ्यात बाहेर राहिलेले वाढू नये.

जेथे ही खीर असेल तेथे खऱ्या साखरेचा डबाही ठेवा. वंदना आणि भाषणे लांबली, इन्शुलिन घेतलेल्या माणसाला दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, तर त्याची साखर उतरलेली असते. तेव्हा ही बिनसाखरेची खीर त्याच्या कामाची नाही. तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, तडक दवाखान्यात न्यावे.