लाली वेगळी, सावली वेगळी

८ नोव्हेंबर २०२२ रोजी, कार्तिक पौर्णिमेला, मुंबईत चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. पंचांगात अशा ग्रहणाला ग्रस्तोदित म्हणतात. मुंबईत १८ मिनिटे, दिल्लीत ५० मिनिटे, असे ग्रहणाचे कालावधी तेव्हा प्रसिद्ध झाले होते. ते बरोबरच होते. पण त्यांवरून ग्रहण गावोगावी वेगवेगळ्या वेळी घडते, असा समज सहज होतो. सूर्यग्रहणाच्या बाबतीत तो खरा आहे, कारण चंद्राची छोटी सावली पृथ्वीवरून सरकत जाते. चंद्रग्रहणात मात्र पृथ्वीची सावली थेट चंद्रावर पडते, आणि ज्यांच्या आकाशात चंद्र आहे त्या सर्वांना ती एकाच क्षणी दिसते. त्या दिवशी ग्रहणाचा स्पर्श दुपारी २ वाजून ३९ मिनिटांनी झाला, खग्रास अवस्था ५ वाजून १२ मिनिटांनी संपली आणि मोक्ष ६ वाजून १९ मिनिटांनी झाला. या वेळा साऱ्या देशाला सारख्याच लागू होत्या. फरक होता तो चंद्रोदयाचा. कोलकात्यात चंद्र ४ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास उगवला, तेव्हा खग्रास अवस्था चालू होती. मुंबईत तो ६ वाजून १ मिनिटाच्या सुमारास वर आला, तेव्हा त्याचा साधारण पाव भागच सावलीत उरला होता.

दुसरा समज अधिक चिवट आहे, कारण त्याला डोळ्यांची साक्ष मिळते: चंद्र लाल दिसला, म्हणजे ते ग्रहणच. वास्तविक क्षितिजाजवळचा पौर्णिमेचा चंद्र ग्रहण नसतानाही तांबूस किंवा नारिंगी दिसतो. त्याचा प्रकाश हवेच्या फार लांब थरातून येतो. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. खग्रास चंद्रही लालच असतो ना, असे कोणी म्हणेल. असतो, आणि तिथेही कारण हवाच आहे. मात्र ती पृथ्वीच्या कडेभोवतीची हवा. तिच्यातून वळून सावलीत शिरणारा सूर्यप्रकाश तांबडा असतो. हा उजेड इतका मंद असतो की चंद्राचा बराच भाग थेट उन्हात असेपर्यंत त्या झगझगाटापुढे तो सहसा जाणवत नाही, आणि सावलीतला भाग करडा-काळाच दिसतो. म्हणून मुंबईतल्या त्या चंद्रावर ग्रहणाची खूण होती ती कडेचा काळसर चावा. बाकीच्या बिंबाला आलेली लाली आपल्याच हवेची होती. दोन्ही ओळखण्याची कसोटी सोपी आहे. लाली साऱ्या बिंबावर पसरलेली असते, खालच्या कडेला जरा गडद असते आणि चंद्र वर चढला की ओसरते. सावलीची कड वक्र असते. चंद्र किती वर आला याच्याशी तिचा संबंध नसतो. हीच वक्र कड पाहून ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचा युक्तिवाद केला होता. उगवता चंद्र मोठा भासतो तोही ग्रहणामुळे नव्हे. तो दृष्टिभ्रम आहे. माथ्यावरच्या चंद्रापेक्षा क्षितिजावरचा चंद्र आपल्यापासून किंचित दूरच असतो.

एक आक्षेप मात्र नीट विचार करण्याजोगा आहे. ग्रहणात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात. मग पश्चिमेला सूर्य आणि पूर्वेला ग्रस्त चंद्र, दोघेही क्षितिजावर एकाच वेळी कसे दिसतील? प्राचीन रोमन लेखक प्लिनीनेही आपल्या ग्रंथात अशा प्रसंगाची नोंद केली आहे. उत्तर पुन्हा हवेतच आहे. क्षितिजाजवळ प्रकाशकिरण वाकतात आणि वस्तू सुमारे अर्ध्या अंशाने उचललेली दिसते. चंद्रबिंबाची रुंदीही जवळपास तेवढीच. म्हणजे नुकताच क्षितिजाला टेकलेला दिसणारा चंद्र भूमितीच्या हिशेबाने अजून खालीच असतो, आणि मावळतीचा सूर्यही तसाच. त्यामुळे काही मिनिटे दोघे एकदम दिसू शकतात. हवा खालच्या कडेला वरच्यापेक्षा जास्त उचलते, म्हणून बिंब चपटेही दिसते.

तरीही वेळ गाठून पाहणाऱ्यांना ग्रहण दिसत नाही, तेव्हा गणित चुकले असा निष्कर्ष निघतो. चंद्रोदयाची छापील वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजासाठी असते. आपल्या अक्षांशांवर चंद्राला एक अंश चढायला साधारण साडेचार मिनिटे लागतात. पूर्वेला चार अंशांचा डोंगर किंवा इमारतींची रांग असली, तर मुंबईतली ती १८ मिनिटे तिच्याआडच संपतात. कोकणातून पाहणाऱ्याच्या पूर्वेला सह्याद्री असतो. समुद्र म्हणजे मोकळे क्षितिज असे समजून गिरगाव चौपाटीवर जाण्यातही अर्थ नाही, कारण तिथे समुद्र पश्चिमेला आहे. त्यात संधिप्रकाश आणि खालच्या थरातला धुरळा. पूर्ण सावलीतला, हजारो पटींनी मंदावलेला चंद्र उजळ आकाशात हरवूनच जातो, त्यामुळे कोलकात्यात खग्रास अवस्था क्षितिजावर असूनही ती डोळ्यांना दिसणे अवघड होते. पाहायचे तर उंच, पूर्वेला मोकळी जागा हवी आणि दिशा आधी ठरवायला हवी: नोव्हेंबरातला पूर्णचंद्र नेमका पूर्वेला न उगवता बराच उत्तरेकडे सरकून उगवतो. काळा चष्मा मात्र मुळीच नको. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांना कोणताही अपाय करत नाही. उलट त्या काचेमुळे आधीच फिकट असलेली सावलीची कड दिसेनाशी होईल. दुर्बीण असेल तर जरूर लावावी, पण सूर्य पूर्ण मावळल्यानंतरच.